गिऱ्हाइकाच्या बाजूचा माणूस

"नत्थूजी, खरं सांगा. मी सोताच लायसन काढून घेऊ का?"

प्रफुल्लनं हा प्रश्न चहात बिस्कीट बुडवता बुडवता अगदी सहज विचारला. समुद्रपुरात त्याचं खत-बियाण्यांचं दुकान जोरात होतं आणि उरलेला पैसा तो प्लॉटमध्ये घालत होता. आजवरचे सहाही प्लॉट नत्थूजींनीच त्याला मिळवून दिलेले. म्हणजे ज्याच्या पोटावर पाय यायचा, त्यालाच सल्ला विचारणं चाललं होतं. त्यात खोडसाळपणा मात्र नव्हता. नत्थूजी खोटं सांगणार नाहीत, याची त्याला खात्री होती.

नत्थूजींनी तीस वर्षं प्लॉटची दलाली केली. आता लेआउटचे प्लॉट विकायचे तर परीक्षा देऊन लायसन काढावं लागत होतं. तेही नागपूरला जाऊन कॉम्प्युटरसमोर बसले आणि पुस्तकातली उत्तरं द्यायची सोडून आपण जे करत आलो तेच इमानदारीनं टिचकवून आले. सौदा तोंडी पक्का होतो का? होतो. दोन्हीकडून दलाली घेता येते का? येते. दोनदा नापास झाले. तिसऱ्यांदा फॉर्म भरायचं नाव बायकोनं, लीलाबाईंनी, घरात काढू दिलं नाही.

"काढा," नत्थूजी म्हणाले. "दलाली वाचीन तुमची. पन इकनारे तुमीच, दलालबी तुमीच. मंग गिऱ्हाइकाच्या बाजूनं कोन राहीन?"

"तुमी राहा ना!" प्रफुल्ल हसला. "तुमाले मी काऊन सोडीन?"

तो पहिल्या झटक्यात पास झाला. आणि शब्दाला जागून त्यानं नत्थूजींना खरंच सोडलं नाही. दुकानात खुर्ची दिली, पगार लावला. काम एवढंच, गिऱ्हाइकाला प्लॉटपर्यंत न्यायचं आणि बोलणी सुरू झाली की बाजूला व्हायचं. "हे आमचे नत्थूजी, रस्ता दाखवाले येतेत," असं तो ओळख करून देई. नत्थूजींना ते फार लागायचं. पण साठी उलटलेल्या माणसाला दुसरं काम कोण देणार होतं?

पुढच्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यातली नर्स मोहिनी प्लॉट बघायला आली. प्रफुल्लनं तिला नाल्याकडचा दाखवला. त्याचा स्वतःचा होता आणि दोन वर्षं पडून होता. तिथं कपाशीचं वावर होतं तेव्हापासून नत्थूजी ती जागा ओळखत. दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचायचं.

"इथं पानी तर नाई ना तुंबत, काकाजी?" मोहिनीनं प्रफुल्लला ओलांडून नत्थूजींना विचारलं.

"ताई, त्याईले काय विचारता? लायसन माह्यापाशी हाय. पानी-बिनी काई नाई."

तरी ती नत्थूजींकडेच बघत राहिली. प्रफुल्लही बघत होता. एका शब्दाचं काम होतं. आजवर तो शब्द त्यांनी कुणाची भीड न धरता कितीदा तरी उच्चारला होता. आज त्यांना खुर्ची आठवली, लीलाबाईंच्या शुगरच्या गोळ्या आठवल्या, आणि स्वतःची लाज वाटली.

"साहेबाईले विचारा," ते म्हणाले आणि उगाच हद्दीच्या दगडाकडे बघू लागले.

दहा दिवसांनी रजिस्ट्री झाली. कचेरीतून बाहेर येताच मोहिनी भर रस्त्यात नत्थूजींच्या पाया पडली.

"आमचे बाबा सांगत, नत्थूजी प्लॉटची खोट पयले सांगतेत, भाव मंग. तुमी त्या दिवशी काईच नाई बोलले ना काकाजी, तवाच मी पक्कं केलं."

नत्थूजींचा हात तिच्या डोक्यापर्यंत गेलाच नाही.

"वास्तूले येजा बरं, काकूले घेऊन."

"येईन," ते म्हणाले.

प्रफुल्लनं हॉर्न वाजवला. नत्थूजी मागचं दार उघडून गाडीत बसले.