घोरंतियेचा दरवाजा

माझ्या बाबांना त्यांनीच बनवलेल्या गेमच्या परीक्षेत वीसपैकी अकरा गुण मिळाले आणि ते नापास झाले. परीक्षा घेतली ‘पाताळपूर’ या जुन्या गेमच्या चाहत्यांनी. ही मंडळी म्हणजे रिकामटेकड्यांचा महासंघ. गेममधल्या भाषेसारखं शब्दाला लॅटिनचं शेपूट लावल्याशिवाय यांना घास उतरत नाही. चहा म्हणजे चहायुस, सुट्टी म्हणजे सुट्टियुम, आणि गटाचा प्रमुख, जो एरवी दुकानात चष्म्याच्या काचा घासतो, तो सर्वज्ञुस. गटात शिरायचं तर आधी त्याचे वीस प्रश्न सोडवायचे.

तीस वर्षांपूर्वी चौघांनी एका खोलीत हा गेम बनवला. त्यांतले आता बाबाच उरलेत. आई गेल्यापासून ते दिवसभरात दोन वाक्यं बोलतात, त्यांतलं एक ‘जेवलीस का’. म्हणून मीच हा गट त्यांना शोधून दिला आणि हात दाखवून अवलक्षण केलं. गेम माझाच आहे, असं बाबांनी आधीच कळवलं होतं. त्यावर, असे दरवर्षी चार येतात, हे सर्वज्ञुसाचं उत्तर.

चौदावा प्रश्न गेममधल्या शेवटच्या दरवाजावरच्या ओळीच्या अर्थाचा होता. ‘घोरंतिया उंबरठ्यालिस, पाऊलुम हळुवारुस.’ शेंबड्या पोरालाही कळेल. आई नर्स होती, रात्रपाळी करून दिवसा झोपायची आणि दणदणीत घोरायची. बाबा बाहेरच्या खोलीत काम करायचे आणि घरात सगळे चवड्यांवर चालायचे. गेममध्येही त्या दारातून धावलं की राखणदारीण उठते, हळू गेलं की झोपून राहते. बाबांनी उत्तर लिहिलं होतं, ‘माझी बायको झोपली आहे, हळू चाला.’ शून्य गुण. बरोबर उत्तर म्हणे ‘सम्राज्ञी घोरंतियेचा शाप’. त्यावर सर्वज्ञुसाचा चाळीस पानी निबंध आहे, तळटिपांसकट. डोंबल त्या तळटिपांचं.

खड्ड्यात जाऊ दे तो गट, असं मी बाबांना सांगितलं. त्यांनी तो निबंध आणि चुकलेल्या बाकीच्या प्रश्नांवरचेही त्याचे निबंध छापून आणले आणि आठवडाभर पेन्सिलीने खुणा करत पाठ केले. रविवारी दुपारी पुन्हा परीक्षेला बसले. मी मागे उभी होते. चौदाव्या प्रश्नाला त्यांनी दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, सम्राज्ञीचा शाप लिहिला. माझं डोकंच फिरलं.

“बाबा, आईला खोडलंत तुम्ही.”

त्यांची बोटं थांबली नाहीत. “ती कोण होती ते मला माहीत आहे ना. यांना नसलं तरी चालेल. मला बोलायला कुणीतरी हवंय गं.”

वीसपैकी वीस. पाच मिनिटांत सर्वज्ञुसाने त्यांना गटात घेतलं आणि लगेच शिकवायला सुरुवात केली. तो दरवाजा कसा बनला, बनवणाऱ्यांच्या मनात तेव्हा नेमकं काय होतं, हे त्याने अकरा निरोपांत समजावून सांगितलं. एकही अक्षर खरं नव्हतं. बाबांनी सगळं दोनदा वाचलं, खुर्ची पुढे ओढली आणि लिहिलं, ‘असं होय? मला हे माहीतच नव्हतं. अजून सांगा ना.’