ओझेरकीची घंटा

सिदोरने लगाम सोडून दिला आणि दोन्ही हात काखेत घातले.

"हे काय चाललंय?" घसरगाडीतून ग्लाफिरा सावेलेव्ना ओरडल्या.

"आता घोड्यांनाच ठरवू दे, बाईसाहेब. माझी अक्कल गुंग झालीय."

"तुझी अक्कल निघतानाच घरी राहिली होती, मेल्या!"

लेकीच्या जहागिरीवर नातवाच्या बारशाला निघालेल्या ग्लाफिराबाईंना भर दुपारी हिमवादळाने गाठलं होतं. जमीन कुठली नि आभाळ कुठलं, काही कळेना. त्यांच्या मालकीची शेकडो कुळं होती, रानं होती. या पांढऱ्या पसाऱ्यापुढे त्या मुंगीएवढ्याही नव्हत्या. भीती तर वाटलीच, पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं. त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

तेवढ्यात घोड्यांनी कान टवकारले. लांबून घंटा ऐकू येत होती. वाट चुकलेल्यांसाठी वादळात चर्चची घंटा वाजवत राहायची, ही त्या मुलखाची रीत.

"वाचलो!" सिदोर चक्क रडायला लागला.

जवळ आल्यावर ग्लाफिराबाईंना तो चिरका सूर ओळखू आला. घोडे फिरून ओझेरकीलाच, त्यांच्या स्वतःच्या गावी आले होते. आणि इथे वादळात घंटा वाजवायला त्यांनीच मनाई केली होती. त्यांचे यजमान असेच वादळात सापडले, तेव्हा घंटा दिवसभर वाजली होती आणि ते आले नव्हते. पुढे तो आवाज त्यांना सोसवेना.

घंटाघरात म्हातारा नाजार दोर ओढत होता. दारात मालकीण पाहताच तो मटकन गुडघ्यांवर बसला.

"कोणाला विचारून वाजवलीस?"

"तुम्ही गावात नव्हता, बाईसाहेब. म्हटलं, तुम्हाला ऐकू येणार नाही."

सिदोरने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

"ते गेले त्या दिवशीही तूच वाजवत होतास. काय उपयोग झाला?"

नाजारने मान वर केली नाही.

"मालक नाही आले. पण एक कुंभार आला होता, बायको नि तान्ही पोर घेऊन. इथेच निजले, या गवतावर. वाड्यात रडारड चाललेली. तुम्हाला कोण सांगणार?"

घंटा थांबल्यामुळे आता नुसता वारा ऐकू येत होता. ग्लाफिराबाईंनी दाराबाहेरच्या पांढऱ्या काहुराकडे पाहिलं. मग त्यांनी हातमोजे काढले.

"सरक," त्या म्हणाल्या. "किती जोरात ओढायचा ते दाखव."