डावऱ्याची कानस

वरच्या रायफली बघून झाल्या असतील तर मान जरा खाली करा. कोपऱ्यातल्या काचेत, फोटोखाली, लाकडी मुठीची काळपट पट्टी दिसते ना, ती मी. कानस. जन्मभर करकरले, आता चार शब्द नीट बोलले तर बिघडलं कुठे?

माझा जन्म भट्टीतला. पोलाद ठोकून लांब केलं, छिन्नीने अंगभर दात पाडले, लाल तापवून पाण्यात बुडवलं. त्या चरचरीत मी कायमची कडक झाले. वाकणं माझ्या अंगात नाही. फार वाकवाल तर मोडेन. यात लाजण्यासारखं मला काही वाटत नाही.

मला विकत घेतलं डावऱ्याने. बंदुकांच्या कारखान्यात नवे नमुने घडवायची एक खोली होती, तिथे हा कामाला. डाव्या हाताने काम करायचा म्हणून सगळे डावऱ्या म्हणत. त्या खोलीत डोकं चालवणारे बरेच होते. त्यांतल्या एकाचं पुढे जगभर नाव झालं. त्याला आता सगळे साहेब म्हणतात. हे दालन त्याच्याच मानासाठी आहे. बाकीचे सोबती म्हणून भिंतीवर.

साहेबाने रायफल रचली. डावऱ्याने तिचा अडसर रचला, म्हणजे चाप ओढला तरी गोळी सुटू नये म्हणून आत बसवतात तो तुकडा. तो मी घासला. केसभर जास्त गेलं की ढिला पडायचा, केसभर कमी गेलं की अडकायचा. डावऱ्या माझ्या दातांवर खडू फिरवायचा, कीस अडकू नये म्हणून, आणि बेसूर शीळ घालायचा. पण रायफल सगळ्यांना दिसते. तिला थांबवणारं तिच्या पोटात असतं, ते कोण बघतो?

एकदा साहेब मला मागून घेऊन गेला. सकाळी देतो म्हणाला. ती सकाळ उजाडलीच नाही. रायफल पास झाली, साहेबाला मोठी खोली मिळाली, सामानाबरोबर मीही गेले. डावऱ्या मागायला आला नाही आणि साहेबाला वाटलं, मागेल तेव्हा देऊ. एका टेबलावर जेवणारे दोघे वेगळे जेवू लागले. लोखंडाला गंज चढला तर दिसतो तरी. माणसांचं सगळं आतल्या आत.

पुढे सत्कार सुरू झाले. प्रत्येक भाषणात साहेब मला 'माझी कानस' म्हणायचा. इतक्यांदा म्हणाला की त्यालाच ते खरं वाटायला लागलं. डावऱ्या वारला, तरी मी साहेबाच्याच कपाटात.

दालन उभं राहिलं तेव्हा मला साहेबाच्या काचेत मधोमध मांडलं. डावऱ्याच्या वाट्याला नुसता फोटो आणि खाली रिकामं मखमली कापड.

उद्घाटनाआधी घरच्या मंडळींना बघायला बोलावलं होतं. म्हातारा साहेबही नातीबरोबर येऊन खुर्चीत बसला होता. डावऱ्याची बायको काठी टेकत आली. ते रिकामं कापड तिने बघितलं, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली. संग्रहालयाच्या बाईंना तिने सांगितलं की ही आमची. बाई गोंधळल्या. पाट्या छापून झाल्यात म्हणाल्या, शिवाय साहेब स्वतःच तिला आपली म्हणतात. मग ती सरळ साहेबाच्या खुर्चीकडे गेली.

"भावजी, कानस कोणाची?"

साहेब हसला. "वहिनी, इतक्या वर्षांनी? त्याने मागितली असती तर त्याच दिवशी दिली असती."

"आमचे मागणारे नव्हते. तुम्ही देणारे नव्हता. जोडी बरी जमली होती."

आजूबाजूचे पाहुणे छताकडे बघू लागले. मी म्हटलं, आता म्हातारा 'आठवत नाही' म्हणणार. वय झालं की ती पळवाट कायम उघडी असते.

"त्याची," साहेब म्हणाला. "आठवतं मला."

बाईंनी काच उघडली आणि मला वहिनीच्या हातात द्यायला निघाल्या. वहिनीने हात मागे घेतला.

"घरी नेऊन काय करू, सुऱ्या घासू? ज्याने नेली त्याने ठेवायची."

कारखान्यातल्या त्या नमुन्यांच्या खोलीचा रिवाज तिला नवऱ्याकडून ठाऊक होता. मागून नेलेलं हत्यार हातात परत द्यायचं नाही, मालकाच्या बाकावर नेऊन ठेवायचं, मूठ त्याच्या हाताकडे करून. म्हणजे वस्तू आपल्या जागी गेली.

साहेब उठला. नातीने सावरायला हात पुढे केला, तो त्याने बाजूला सारला. मला घेऊन डावऱ्याच्या फोटोपाशी आला आणि त्या कापडावर ठेवलं, मूठ उजवीकडे करून. पाठ वळवली, थबकला, परत आला आणि मला फिरवून मूठ डावीकडे केली.

वहिनीने डोळ्यांना पदर लावला नाही. "आता बसा," एवढंच म्हणाली.

तेव्हापासून मी इथे. वरच्या रायफली कुठे कुठे गेल्या आणि काय करून आल्या, मला विचारू नका. पहिली रायफलही मीच घासली, हात झटकून मोकळी होणार नाही. पण अभिमान विचाराल तर तो अडसराचा.

आणि एक सांगते. तुमच्याही कपाटात कोणाची तरी वस्तू पडून असेल. मागेल तेव्हा देऊ म्हणून बसू नका. मागायला तो माणूस राहील, याचा भरवसा नाही. जा आता, पुढे व्हा. मागे माणसं खोळंबलीत.