चिमणीने दमून दिलेली तपासणी

आमची नात चिमणी तान्ही होती तेव्हा तिच्या छातीवर फिरवायचं यंत्राचं टोक तिच्या तळहाताहून मोठं होतं. अंधारी खोली, पडद्यावर उघडझाप करणारं करड्या रंगाचं हृदय, आणि श्वास रोखून बसलेली तिची आई, माझी लेक. ते चित्र अजून डोळ्यांपुढून हलत नाही. दोष जन्मजात होता. स्नायूंत साठलेली साखर फोडणारं द्रव्य या पोरीच्या अंगात तयारच होत नाही. साखर साचत जाते, हृदयातसुद्धा. ते द्रव्य दर पंधरवड्याला शिरेतून देतात, म्हणून तर पोर वाढली.

हृदयाच्या या तपासणीला, इकोला, आमच्या घरात परीक्षेचा मान. आदल्या दिवशी शाळा बंद, जिना बंद, हसणंसुद्धा बेताचं. दवाखान्याच्या दारापासून चाकाची खुर्ची. "हृदय ताजंतवानं दिसलं पाहिजे," असं लेकीचं म्हणणं. डॉक्टर "छान आहे" म्हणाल्या की आमचं गंगेत घोडं न्हायचं.

यंदा चिमणीला तेरावं लागलं. शाळेचा जिना चढताना ती मध्येच बसायला लागली. हे तिने फक्त माझ्या कानावर घातलं. "आईला सांगू नकोस, ती मला घरीच बसवेल." मी म्हटलं, "मी नाही सांगणार. पण तपासणीच्या दिवशी तू सांगायचंस."

त्या दिवशी इकोवाल्या ताईंनी नेहमीसारखं तिला कुशीवर झोपवून यंत्र फिरवलं. डॉक्टरांनी पडदा पाहिला. "उत्तम. औषध आहे तेवढंच ठेवू."

चिमणी तशीच उठून बसली, छातीवर गार जेल चोपडलेलं. "डॉक्टरकाकू, पण मी शाळेत अशी आडवी पडून नसते ना."

"गप गं," लेक म्हणाली.

"बोलू द्या तिला. काय होतं शाळेत?"

"जिन्यात दम लागतो. आज तर मला खुर्चीतून आणलंय."

डॉक्टर लेकीकडे वळल्या. "अहो, विश्रांतीने आकडे फार बदलत नाहीत. पण दम लागतो, हेच आजवर मला कुणी सांगितलं नाही." कोपऱ्यात रेलून पाय मारायची सायकल होती. "हृदयावर ताण आला की ते काय करतं, ते पाहावं लागेल."

"आणि वाईट दिसलं तर?" लेकीचा आवाज फाटला.

"झाकली मूठ सव्वा लाखाची असेल गं," मी म्हटलं, "झाकलेलं दुखणं नाही."

"दिसू दे ना आई. दिसलं तरच औषध वाढेल."

चिमणी पाय मारू लागली. ताईंनी एका हाताने यंत्र छातीला दाबून धरलं, दुसऱ्या हाताने सायकल जड करत नेली. पोरीचे ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. "थांबायचं?" डॉक्टरांनी विचारलं. तिने मान हलवली, नाही. लेक आधी भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग वळली, सायकलीपाशी आली आणि म्हणाली, "अजून थोडं, बाळा. मार."

पडद्यावर मलाही दिसलं. हृदय घाईने धडधडत होतं, पण ठोक्यात जोर येत नव्हता. डॉक्टर म्हणाल्या, "हे झोपून कधीच कळलं नसतं. मात्रा वाढवू, आणि तीन महिन्यांनी पुन्हा याच सायकलीवर."

लेकीने डोळे पुसले आणि सवयीने खुर्ची पुढे केली. मला वाटलं, आता पोरगी फणकारणार. ती हाशहुश करत खुशाल खुर्चीत बसली.

"आता ढकल. आज कमावली आहे मी."

तीन महिन्यांनंतरच्या तपासणीच्या आदल्या दिवशी मात्र लेकीनेच तिला शाळेत पाठवलं.