सत्यवानानं कवितेत मारलेला महेंद्र

सत्यवान कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. पण वरवंडात त्याला सगळे 'अंगारकवी' म्हणत. हे नाव त्यानं स्वतःच पाडून घेतलं होतं. नव्याण्णव साली कारगिल पेटलं आणि सत्यवानाच्या अंगात आलं. दोन महिन्यांत त्यानं अकरा कविता लिहिल्या आणि अकरा जवान मारले. सगळे विशीतले, सगळे पहाटेच मेलेले. गोळी बरोबर छातीत, ओठांवर हसू आणि प्राण जाण्याआधी आठ ओळींचा निरोप.

बाराव्या कवितेत तो अडला. 'हिंद'शेजारी शोभेल असं नाव पाहिजे होतं. गावातून फौजेत गेलेला एकच पोरगा, ताईबाईंचा महेंद्र, हे काय त्याला माहीत नव्हतं? पण 'महेंद्र हिंदचा' इतकं ठसक्यात बसलं, की त्याला मोह आवरला नाही.

ऑगस्टात शाळेच्या पटांगणावर सकाळी कविसंमेलन झालं. सत्यवानानं आवाज कापरा करून शेवट केला :

"पडला महेंद्र हिंदचा, हसत गेला मरणाला,
टाहो फोडते माय, अन् तार आली वरवंडला!"

टाळ्यांऐवजी किंकाळी आली. तिसऱ्या रांगेतल्या ताईबाई "माझ्या लेकरा!" म्हणून आडव्या झाल्या.

"अहो मावशी, कविता हाय ती!" सत्यवान माईकवरूनच ओरडला.

महेंद्रचे वडील कोंडिबाआबा उठले. "तार आली का न्हाई, तेवढं बोल."

"तार कवितेत आलीया, आबा."

"म्हंजी आलीच की!"

झालं. हेडमास्तरांनी शाळा सोडली. फळ्यावर 'अमर रहे' उमटलं. सरपंच हौसरावांनी तर चौकाला महेंद्रचं नाव देऊन नारळही फोडला. सत्यवान ज्याला-त्याला समजावत फिरत होता आणि लोक त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडत होते. शेवटी कोंडिबाआबांनी त्याची गचांडी धरली. "गावातले फोन बंद हायेत. दौंडला जा, त्याच्या युनिटला फोन लाव आन् काय ते ठाम सांग. न्हाईतर पुढली तार तुझ्या नावाची!"

सत्यवानानं लुना दामटली. दौंड स्टेशनाबाहेरच्या एसटीडी बूथवर त्याच्या पुढं एक फौजी काळी ट्रंक घेऊन उभा होता. "वरवंड लागंना राव," म्हणत त्यानं रिसिव्हर आपटला आणि मागं वळला.

सत्यवान किंचाळलाच. "महेंद्र! तू जित्ता हायेस?"

"रजेवर हाय, दादा. मेलेल्याला रजा देत न्हाईत."

सत्यवानानं त्याला कडकडून मिठी मारली, लुनावर मागं बसवलं आणि रडत-हसत सगळं सांगून टाकलं. महेंद्र ट्रंक मांडीवर घेऊन ऐकत होता.

"मी हसत मेलो?"

"व्हय."

"गोळी छातीत, आन् वर आठ ओळी बोललो? दादा, मी लंगरात सैपाकी हाय. कांदा चिरताना बोट कापलं तर शिवीबिगर कायबी सुचत न्हाई मला!"

सत्यवानाला हसू फुटलं. कुरकुंभ गेल्यावर महेंद्र हळू आवाजात म्हणाला, "पाबळचा भैरू होता आमच्यात. वरच्या पोस्टवरनं जखमी हालतीत खाली आणला. हसत न्हवता. मला म्हणला, भात झाला का? म्हणलं, पाच मिनिटं थांब. तेवढंबी थांबला न्हाई, दादा."

सत्यवानानं लुना कडेला घेतली.

घरी ताईबाईंनी लेकाला पोटाशी धरलं, मग त्याच्या एक थोबाडीत दिली आणि सत्यवानाच्या दोन. हौसराव हात चोळत म्हणाले, "पर नारळ फुटलाय त्याचं काय?"

"खावा," कोंडिबाआबा म्हणाले.

चहा घेता घेता महेंद्रनं विचारलं, "भैरूच्या आईला उद्या भेटायचंय. काय सांगू? दादा, तुम्ही चांगलंसं काही लिहून देता का?"

"नगं," सत्यवान म्हणाला. "भाताचंच सांग. मीबी येतो."

दुसऱ्या दिवशी शिरूरला एसटी बदलून दोघं पाबळला पोहोचले. भैरूच्या आईनं, कुशाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. पदरानं डोळे पुसले. मग विचारलं, "भात कसला होता रं?"

"डाळभात, मावशी."

"मला वाटलंच. त्याला दुसरं काय गोडच लागत नव्हतं." त्या रडता रडता जराशा हसल्या, उठल्या आणि त्यांनी चुलीवर आधण ठेवलं.

दोघं जेवायला बसले. कुशाबाई लहानपणीच्या भैरूच्या खोड्या सांगत राहिल्या. सत्यवानानं दोनदा भात मागून घेतला. तिसऱ्यांदा त्यांनी न विचारताच वाढला.