अडकलेला उजेड

कयाधू नदीच्या मुलखातल्या गोरेगावच्या दगडोबा कुंभाराला एकच जाणून घ्यायचं होतं: आपली माती टिकली का?

अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीला थोरला लेक संतराम घरच्या मातीच्या, बटणाएवढ्या भाजक्या चकत्या तो कामाला असलेल्या मुंबईच्या प्रयोगशाळेत घेऊन गेला होता. तिथं कारखान्यातल्या पांढऱ्याशुभ्र चकत्यांच्या जोडीला त्यांच्यावरही किरण सोडले गेले, आणि तेही अशा गारठ्यात, की त्यापुढं बर्फाला ऊन म्हणावं. उन्हाळ्यात तो परतला तो थर्मासासारखा जाड डबा कवटाळून.

"फुटली का रे?" दगडोबानं पाणीसुद्धा विचारलं नाही.

"तुमीच बघा, बा."

भर दुपारी कडब्याच्या खोलीचं दार लावून झरोक्याला गोधडी टांगली. डोळे अंधाराला सरावेपर्यंत सगळे मुकाट बसले.

"तीस वर्षांत ह्यांना एवढं गप्प पाहिलं न्हाई," सखुबाई म्हणाली. "लेकरा, डबा इथंच ठेवून जा."

संतरामनं चिमट्यानं पांढरी चकती काढली आणि पालथ्या मडक्यावर ठेवली. ऊब लागली तशी ती आतून निळसर उजळली. ना वात, ना तेल.

"किरणांनी आतले बारीक कण जागचे हलतात, बा. गारठ्यात त्यांना परत फिरता येत न्हाई. ऊब लागली की घरी जातात, अन् जाताना उजेड टाकतात."

"भाजलेल्या मातीत काय हलायचं राहतं?" भट्टीतून निघालं की मातीचं सगळं संपलं, हेच तो जन्मभर धरून होता.

मग घरची चकती ठेवली. काहीच दिसेना. दगडोबानं मान खाली घातली. "राहू दे. गावची माती ती."

"आवो, वर बघा!"

एक ठिपका उमटला. मग दुसरा. मग चिमूटभर चांदणं. माती काळीच होती. तिच्यात कालवलेली कयाधूची वाळू कणाकणानं पेटत होती. मडकं तडकू नये म्हणून घालायची, यापलीकडं त्यानं त्या वाळूकडं कधी बघितलं नव्हतं.

उजेड विझला. दगडोबानं चकतीवर नख मारलं. ठण्ण! शाबूत होती. तरी तो उठेना.

"आंगणातल्या मडक्यांत बी हे असंल?"

"असतं, बा. जमिनीतले किरण थोडे थोडे लागूनच राहतात. काही कण इतके खोल अडकतात, की भट्टीबिगर सुटत न्हाईत. साठतंय हळूहळू."

संध्याकाळी बाजाराची गाडी भरायची होती. दगडोबा एकेक मडकं दोन्ही हातांनी उचलून कडब्यावर ठेवत होता.

"आवो, हात चालवा," सखुबाई ओरडली, "बाजार उठून जाईल!"

त्यानं पुढचं मडकं उचललं, तेही तसंच, सावकाश.