पाचशेचा बाँड

सही करणार न्हाई म्हणलं म्हणजे न्हाई, असं सुनेला सांगितलं अन् मी तोंड फिरवून बसलो. आता कुणी म्हणल, पुंजाराम, एवढी गुणाची सून, तुला अक्कल हाय का? हाय. पण बाँड दिसला की माझं डोकं जागेवर राहत न्हाई.

झालं असं. अर्पिता, माझी सून, काळा मसाला करती. पोरगा हरिओम चाकणला कंपनीत, घरी आम्ही दोघंच. मसाला तिनं आधी गल्लीत दिला, मंग भोकरदनच्या बाजारात, अन् मंग मोबाईलवर. मोबाईलवर पत्ता येतो, ही पुडा बांधती, कुरियरवाला घेऊन जातो. मला वाटलं यात सरकारचा काय संबंध? तर लई संबंध निघाला. खायची वस्तू हाय म्हणून पुड्यावर परवान्याचा नंबर पाह्यजे. दुकान न्हाई तरी शॉप ॲक्ट पाह्यजे. हे सगळं तिनं एकटीनं केलं. माझ्याकडं फक्त लाईट बिल मागितलं, ते मी दिलं.

मंग हैदराबादहून मागणी आली. तिकडच्या एका मराठी बाईला मसाला आवडला, तिच्या सोसायटीतल्या सगळ्यांनाच दिवाळीला पाह्यजे होता. अर्पिता त्या दिवशी भाकरी थापता थापता गुणगुणून राह्यली होती. लग्न होऊन नऊ वर्षं झाली, मी तिचं गाणं पहिल्यांदाच ऐकलं. बारावीला तालुक्यात नंबर आल्ता तिचा. आमच्या घरात आल्यावर त्याचं काय झालं ते कुणी विचारलं न्हाई, मीपण न्हाई.

पण मोबाईलवरून राज्याबाहेर एक पुडा जरी विकायचा तरी आधी जीएसटी नंबर घ्यावा लागतो. जालन्याच्या जान्हवी मॅडम टॅक्सचंच काम करतात, त्यांनी अर्ज भरला. आठवड्यात तो उलटा आला. धंद्याची जागा म्हणून घर दाखवलं, अन् लाईट बिलावर नाव पुंजारामचं, मंग घरमालकाचं संमतीपत्र कुठाय? सात दिवसांत जोडा, न्हाई तर अर्ज रद्द. म्हणजे दिवाळीचं हैदराबाद बुडालं.

अर्पिता ते संमतीपत्र पाचशेच्या बाँडवर टाईप करूनच घेऊन आली. वर माझं नाव, खाली सहीला जागा. म्हणली, मामा, साधा कागद हाय, सही करा.

साधा कागद! हाच शब्द मी एकदा वापरला होता, त्याचं पुढं सांगतो. तवा मात्र मी नुसता भडकलो. घर लिहून घ्यायला निघालीस का म्हणलं. फार वाईट बोललो. ती रडली न्हाई का उलटून बोलली न्हाई. जेवायला रोजच्यासारखं वाढलं. चौथ्या दिवशी बाँड माझ्या खाटेवर ठेवला अन् म्हणली, "मामा, माझ्यावर भरवसा न्हाई तर राहू द्या. पण न वाचता न्हाई म्हणू नका. ज्याच्यावर भरवसा असंल त्याच्याकडून वाचून घ्या."

मी चौथीपर्यंत शिकलेला. अक्षर लागतं, पण सरकारी मराठी डोक्यात शिरत न्हाई. भरवशाचं कोण म्हणून विचार केला तर एकच नाव पुढं आलं, अन् त्याच नावाची मला लाज वाटली. सगुणा. माझी धाकटी बहीण, शहागडला दिलेली. ती सातवी शिकलेली.

आता ते सांगतो. आमचा बाप गेला तवा जमिनीत सगुणाचा वाटा निघत होता. पण आमच्याकडं रीतच हाय, बहीण हक्कसोडपत्रावर सही करून आपला वाटा भावाला देती. भाऊ लुगडं नेसवतो, गोडधोड खाऊ घालतो, अन् माहेरचं दार उघडं राहतं. मीपण तिला भोकरदनला ऑफिसात नेलं. साधा कागद हाय, सही कर म्हणलं. वाचत बसू नको, साहेब उठून जाईल. तिनं केली. त्याला बावीस वर्षं झाली.

पाचव्या दिवशी सकाळीच बाँड पिशवीत घालून मी निघालो. भोकरदनहून जालना, जालन्याहून शहागड. सगुणाचं घर हायवेपासून आत, तिथंबी ट्रकचा आवाज येतोच. मला पाहून ती घाबरली, कोण गेलं म्हणली. कुणी गेलं न्हाई म्हणलं, कागद वाचायचाय.

तिनं चष्मा लावला. एकदा वाचला. पाणी प्याली, पुन्हा वाचला. मंग एकेका ओळीवर बोट ठेवून मला समजावलं. घर तुझंच राहतं. मसाल्याच्या धंद्यासाठी दोन खोल्या वापरू देतो, एवढंच तू लिहून देतोस. दारावर तिच्या धंद्याची पाटी लावावी लागंल, कारण सरकारी माणूस जागा पाहायला येऊ शकतो. यात कुणी काही सोडत न्हाई.

मी बरं म्हणलं, घडी घातली. उठता उठता राहवलं न्हाई. म्हणलं, "सगुणा, त्या दिवशी मी तुला वाचू दिलं न्हाई. माझं चुकलं."

तिनं चष्मा काढला, पदराला पुसला. "तू चहा सांगायला बाहेर गेल्तास ना दादा, तवाच वाचला मी. पुरा."

"मंग सही का केलीस?"

"मला माहेर पाह्यजे होतं," ती म्हणली, अन् चहा टाकायला आत गेली.

मी तिथंच बसून राह्यलो. बावीस वर्षं मी स्वतःला समजावत आलो, तिला काय कळतंय. तिला सगळं कळत होतं. कळून तिनं दिलं, अन् मी एका लुगड्यावर भागवलं. पोटभर रडलो, सांगायला लाज कशाची. ती आतून आली न्हाई. तिनं रडू दिलं मला.

दुसऱ्या दिवशी घरी अर्पितासमोर बाँड ठेवला अन् पेन मागितला. ती म्हणली थांबा. मी म्हणलं, सगुणानं दोनदा वाचलाय, आता काय थांबायचं? तिनं ऐकलं न्हाई. पहिल्यापासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला, मंग पेन दिला. मी सही केली. सहाव्या दिवशी कागद गेला, पुढच्या आठवड्यात नंबर आला. आता दर महिन्याला हिशोब सरकारला कळवायचा, विक्री होवो न होवो. पाटी मीच ठोकली दारावर. नाव तिचं, अर्पिता मसाले.

पाटी ठोकून खाली उतरलो अन् तिला म्हणलं, तुझ्या जान्हवी मॅडमला एक विचार. विहिरीजवळचे दोन एकर बहिणीच्या नावानं करायचे, तर कागद कोणता लागतो?

अर्पितानं मोबाईल हातात घेतला.

"विचारते मामा," म्हणली. "पण सही करायच्या आधी आत्याबाईला इथं बोलवा. मी दोघांनाबी वाचून दाखवीन."